टोइंग करा, पण रस्ता अडवणारी गाडी आधी उचला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टोइंगवरून वाद होतो तेव्हा एका बाजूला ज्याची गाडी उचलली तो असतो आणि दुसऱ्या बाजूला वाहतूक पोलीस. त्या गाडीमुळे मागे जो अडकून पडतो, त्याचं कुणी विचारत नाही. मी पुण्यात रुग्णवाहिका चालवतो. पेठांच्या गल्ल्यांतून माझं रोजचं जाणं-येणं आहे. गाड्या जरूर उचला, पण रस्ता अडवणारी गाडी आधी उचला, एवढंच मला सांगायचं आहे.

गेल्या पावसाळ्यात एका पेठेत छातीत दुखणाऱ्या आजोबांना आणायला गेलो होतो. त्यांच्या वाड्याकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी काटकोनात वळण आहे. लांब गाडी तिथे वळवायची तर आतला कोपरा मोकळा लागतो, कारण पुढची चाकं बाहेरून गेली तरी मागचं चाक आतून कापत येतं. नेमकी त्या कोपऱ्यावर एक चारचाकी लावलेली. सायरन वाजवला, हॉर्न दिला, कुणी आलं नाही. उतरून तिच्या काचेवर मोबाइल नंबर लिहिलाय का पाहिलं, तोही नव्हता. शेवटी स्ट्रेचर खाली काढलं आणि मी, आमचा मदतनीस आणि गल्लीतली दोन मुलं, अशा चौघांनी आजोबांना पावसातून उचलून आणलं. ऑक्सिजनचा सिलिंडर कवटाळून सूनबाई शेजारून चालत होत्या, नळी ताणली जाऊ नये म्हणून जवळजवळ पळतच. आजोबा वाचले.

मुख्य रस्त्याला लागलो तर पुढे टोइंगचा टेम्पो. रस्ता चांगला रुंद, कडेला दुचाकी ओळीने लावलेल्या, आणि त्यातल्या एकेक वर चढवणं चालू होतं. नो पार्किंगचा पट्टा होता, त्यामुळे कारवाई बेकायदा होती असं मी म्हणणार नाही. पण त्या दुचाकींमुळे कुणाचाही खोळंबा होत नव्हता, आणि जिने खोळंबा केला ती चारचाकी आतल्या कोपऱ्यावर तशीच उभी होती.

असं का होतं, हे रस्त्यावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. दुचाकी उचलणं सोपं असतं. हँडल लॉक असलं तरी दोन पोरं तिला पुढून-मागून धरतात, पट्टा अडकवतात आणि दोन मिनिटांत ती टेम्पोत असते. एका फेरीत सहा-सात सहज मावतात. चारचाकीला वेगळी क्रेन लागते, पुढची चाकं उचलावी लागतात, हँडब्रेक ओढलेला असेल तर मागची चाकं फरफटतात, आणि एका खेपेत एकच गाडी जाते. शिवाय पेठेतल्या बोळात ती क्रेन शिरणार कशी? वाहनामागे पैसे मिळणार असतील, तर ठेकेदाराची माणसं रुंद रस्त्यावरच्या दुचाकींकडेच जाणार. त्यांना मी दोष देत नाही. उन्हापावसात, लोकांच्या शिव्या खात ती पोरं राबतात. दोष काम ठरवून देण्याच्या पद्धतीत आहे.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये हा फरक स्पष्ट आहे. कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभं करता येत नाही. कलम १२७ मध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेली किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी हलवण्याचा किंवा तिला जॅमर लावण्याचा आदेश गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. आणि सोडून दिलेली गाडी जिथे उभी आहे तिथे वाहतुकीला धोका होत असेल, तर ती ताबडतोब हलवण्याचा अधिकार आहे. ‘ताबडतोब’ हा शब्द कायद्याने धोक्याच्या गाडीसाठी वापरला आहे. प्रत्यक्षात ताबडतोब उचलली जाते ती हलकी गाडी.

दंडाचंही तसंच. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ई नुसार रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमन दलाच्या गाडीला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड होऊ शकतो. चालत्या गाडीने वाट दिली नाही तर एवढी शिक्षा. कोपऱ्यावर गाडी लावून निघून गेलेला माणूसही तीच वाट अडवतो, पण त्याच्यावर झालीच तर नो पार्किंगची कारवाई होते, पहिल्या वेळेला ५०० रुपये आणि पुढच्या वेळी १,५०० रुपये. टोइंगचा खर्च वेगळा, तोही क्रेन आली तरच.

टोइंग बंदच करा, असंही बरेच जण म्हणतात. त्यांचा राग मला समजतो. नाना पेठेत ऑगस्ट २०२१ मध्ये दुचाकी तिच्यावर बसलेल्या माणसासकट उचलल्याचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. त्याआधी नोव्हेंबर २०१७ मध्ये मालाडला आई बाळाला पाजत बसलेली असताना तिची गाडी ओढून नेली होती. दोन्ही प्रकार अंगावर काटा आणणारे होते. गाडीत किंवा गाडीवर माणूस असेल तर तिला हात लावायचा नाही, मालक समोर आला तर दंड घेऊन गाडी तिथेच सोडायची, उचलण्याआधी भोंग्यावरून नंबर पुकारायचा, हे पाळलंच पाहिजे. पण मुंबईत मार्च २०२२ मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी टोइंग थांबवण्याचा प्रयोग केला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो तिथल्या रुग्णवाहिका चालकांचा. कोपऱ्यावरची गाडी मग हलवायची कुणी?

महापालिकेलाही एक सांगणं आहे. कुठल्या तारखेला रस्त्याच्या कुठल्या बाजूला गाडी लावायची ते सांगणारे पी-१, पी-२ चे फलक जागोजागी झाडाच्या फांद्यांआड गेले आहेत, काहींवर शिकवणीच्या जाहिराती चिकटवल्या आहेत. आज सम तारीख की विषम, हे माणसाला आठवेलही, पण फलकच दिसला नाही तर तो काय करणार? फलक स्वच्छ ठेवणं आणि वळणाच्या कोपऱ्यांवर ठळक पिवळे पट्टे मारणं, याला फार मोठा खर्च येत नाही. बोळाच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवला तर तिथे टोइंगची गरजही राहणार नाही. खांब मात्र आमची गाडी वळेल असं मोजून रोवावा. काही ठिकाणी फुटपाथ वाचवायला असे खांब लावले आणि आमचं वळणच बंद झालं.

वाहतूक शाखेने टोइंगच्या ठेक्यात गाड्यांच्या संख्येऐवजी जागा ठरवून द्याव्यात: रुग्णालयांची फाटकं, अरुंद वळणं, शाळांची दारं, अग्निशमन केंद्रातून बंब बाहेर पडतो तो रस्ता. दिवसाची पहिली फेरी तिथे व्हावी. पेठांसाठी एक लहान क्रेन वेगळी ठेवावी. आणि रुग्णवाहिका व बंबाच्या चालकांना थेट लावता येईल असा एक नंबर द्यावा, म्हणजे अडकलो की तिथूनच गाडीचा क्रमांक आणि जागा कळवता येईल.

हे कोपरे कुठले, ते शोधायला कुठल्याही सल्लागार कंपनीची गरज नाही. शहरातल्या रुग्णवाहिका चालकांना एका दुपारी बोलावून समोर नकाशा ठेवा. कुठल्या बोळात गाडी मागे घ्यावी लागते आणि कुठे स्ट्रेचर हातावर आणावं लागतं, ते आम्ही तिथल्या तिथे खुणा करून देऊ.

आपला,
एक रुग्णवाहिका चालक, पुणे
(नाव छापू नये, ही विनंती)