आधी वही मागणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

माझ्या सलूनसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर निवडायला केलेल्या मदतीबद्दल तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांसमोर लिहितोय. आणखी एक कारण आहे. ओळखीचे सलूनवाले सारखे विचारतात, ‘बुकिंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेतलंस?’ मी नाव सांगितलं तर ते डोळे झाकून तेच घेतील आणि त्यांच्या दुकानाला ते बसेलच असं नाही. तुम्हीही मला नाव सांगितलं नव्हतं. बुक्सी, फ्रेशा, सेटमोअर, अ‍ॅक्युइटी अशी यादी मी पुढे केली, तर ती न बघताच तुम्ही नंबर लावायची वही मागितलीत. हॉस्पिटलच्या ओपीडीचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या बाईंना सलूनमधलं काय कळणार, असं आमच्या एका कारागिराला तेव्हा वाटलं होतं. (आता तो तुमचा भक्त आहे.)

वही चाळून तुमचा पहिलाच प्रश्न होता, ‘कटिंगला अर्धा तास, पण कोणाच्या हातचा?’ जुना कारागीर वीस मिनिटांत मोकळा होतो, नव्या पोराला चाळीस लागतात, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण सॉफ्टवेअरमध्ये फक्त कामाची वेळ भरता येत असेल, कारागीरवार वेगळी वेळ टाकता येत नसेल, तर एकाची खुर्ची रिकामी राहणार आणि दुसऱ्यासमोर लोक ताटकळणार. मग तुम्ही कागदावर हिशेब मांडलात. चाळीस मिनिटांचं काम अर्ध्या अर्ध्या तासाच्या खणांत बसवलं तर ते पूर्ण तास खातं. आठ तासांत आठच गिऱ्हाइकं होतात. खण दहा मिनिटांचा ठेवला तर त्याच आठ तासांत बारा बसतात. चार गिऱ्हाइकांचा फरक, तोही एका सेटिंगमुळे! विक्रीला आलेल्या एकाही माणसाने हे मला सांगितलं नव्हतं. ते रंगीबेरंगी आलेख दाखवत होते.

केसांना रंग लावण्याचं कामही तुम्हीच सोडवलंत. रंग लावून झाला की तो चढेपर्यंत साधारण अर्धा तास कारागिराचे हात रिकामे असतात आणि तेवढ्यात एक दाढी सहज होते. तुम्ही म्हणालात, कामाच्या मधोमध मोकळी वेळ दाखवण्याची सोय आहे का, ते तपासा. काही सॉफ्टवेअरमध्ये असते, काहींत ते अख्खं काम एकच सलग ठोकळा असतं. मात्र कारागीर मोकळा झाला तरी खुर्ची मोकळी होत नाही, हे तुम्हीच लक्षात आणून दिलंत. म्हणून माणूस आणि खुर्ची यांचा हिशेब वेगळा ठेवणारं सॉफ्टवेअर शोधावं लागलं.

पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो आधी न कळवता सहज येणाऱ्या गिऱ्हाइकांबद्दल तुम्ही जे समजावलंत त्याचा. माझी समजूत अशी की खुर्ची जितकी भरलेली तितका धंदा चांगला. तुम्ही विचारलंत, ‘आणि दारातून सहज आत आलेल्याचं काय?’ मग ते गणित दाखवलंत. एक खुर्ची आहे, लोक मनाला येईल तेव्हा येतात, प्रत्येकाच्या कामाला कमीजास्त वेळ लागतो. अशी खुर्ची 80 टक्के वेळ भरलेली असेल तर येणाऱ्याला सरासरी चार कामांएवढा वेळ थांबावं लागतं. 90 टक्के भरली की नऊ कामांएवढा. भर थोडीच वाढली, थांबणं दुपटीहून जास्त! खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नव्हता. तेव्हा तुम्ही एर्लांगचं नाव घेतलंत. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या या माणसाने 1909 मध्ये फोनच्या कॉलवरून रांगांचं गणित मांडलं होतं. तुमच्या ओपीडीच्या क्षेत्रात नॉर्मन बेली यांचा 1952 चा अभ्यास प्रसिद्ध आहे, हेही तेव्हाच कळलं. त्यांची शिफारस अशी की सुरुवातीलाच दोन रुग्णांना बोलवावं आणि पुढच्यांना सरासरी तपासणीच्या अंतराने, म्हणजे डॉक्टर रिकामे बसत नाहीत आणि रांगही हाताबाहेर जात नाही.

‘पण तुम्ही हे करू नका,’ असंही लगेच बजावलंत. डॉक्टरकडे आलेला माणूस सहसा थांबतो. दाढी करायला आलेला शेजारच्या दुकानात जातो. म्हणून तुम्ही सुचवलंत की वेळ ठरवून येणाऱ्यांसाठी काही खण ऑनलाइन उघडे ठेवायचे, बाकीचे कुलूपबंद ठेवून सहज येणाऱ्यांना द्यायचे, आणि गर्दीच्या वेळी ऑनलाइन खण कमी करायचे. हे ठरल्यावर माझ्या यादीतली निम्मी नावं आपोआप गळाली, कारण त्यांत खण झाकून ठेवण्याची सोयच नीट नव्हती.

आठवणीच्या मेसेजचा किस्सा तर मी सगळ्यांना सांगतो. मला मेसेज मराठीतच हवा होता, चांगला ऐसपैस, नमस्कारापासून पत्त्यापर्यंत. तुम्ही मोजून दाखवलंत. रोमन लिपीतला एसएमएस 160 अक्षरांचा असतो, पण त्यात देवनागरीचं एक अक्षर जरी आलं तरी मर्यादा 70 वर येते, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे प्रत्येक वेगळं अक्षर धरलं जातं. त्यापुढे मजकूर गेला की 67-67 चे तुकडे पडतात आणि पैसे प्रत्येक तुकड्याचे लागतात. माझा तो नमस्कार फारच महाग पडला असता! आता मेसेजमध्ये दिवस, वेळ, कारागिराचं नाव आणि रद्द करण्याचा छोटा दुवा, एवढंच असतं. तो दुवा हवाच, असा तुमचा आग्रह होता. येणार नसलेल्या माणसाला रद्द करणं सोपं असेल तरच खण वेळेत मोकळा होतो. आगाऊ रक्कम सरसकट सगळ्यांकडून घेऊ नका, फक्त रंगासारख्या लांब कामांना घ्या, हेही पटलं. त्यासाठी कामानुसार अट घालता येते का, एवढंच बघायचं होतं.

टक्केवारीबद्दल तुम्ही जरा कडक बोललात, बरं झालं. काही कंपन्या त्यांच्या अ‍ॅपवरून आलेल्या नव्या गिऱ्हाइकावर वाटा घेतात. त्यात गैर काही नाही, पण ‘नवं’ कोण ठरवणार? दहा वर्षांचं गिऱ्हाईक नव्या फोन नंबरवरून आलं तर ते कोणाचं? हा प्रश्न मी प्रत्येक विक्रेत्याला विचारला आणि कोण सरळ उत्तर देतं, कोण गोल फिरवतं, ते दिसलं.

आणि उद्या सॉफ्टवेअर सोडावं लागलं तर बाहेर पडायचा रस्ता आधी बघा, हे तुमचं वाक्य. चाचणीच्या काळातच दहाबारा खोटी नावं भरून ती सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणाऱ्या साध्या तक्त्यात, बाहेर काढायला लावलीत. एका ठिकाणी गिऱ्हाइकांची यादी आली, पण पुढच्या तारखांची बुकिंगं आलीच नाहीत. ते तिथेच बाद. कंपन्यांचे मालक बदलतात, अ‍ॅक्युइटी 2019 मध्ये स्क्वेअरस्पेसने घेतली, हे उदाहरण तुम्ही दिलंत ते भीती घालायला नव्हे, सवय लावायला.

ताई, या सगळ्याचे तुम्ही काही घेतलं नाहीत. चिरंजीवांच्या कटिंगचे पैसेही मोजून देता. निदान एवढं सांगू द्या की तुमच्या सांगण्यावरून सकाळी दिवसाची यादी छापून आरशाजवळ लावतो, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी काम अडत नाही. फोनवर आलेली वेळ वहीत न लिहिता थेट सॉफ्टवेअरमध्येच टाकतो. दोन वह्या झाल्या की एका वेळेला दोन माणसं येणारच, हे तुमचंच.

फक्त एक तक्रार आहे. इतकं सगळं बसवून दिल्यावर तुम्ही स्वतः मुलाचा नंबर अजूनही फोन करूनच लावता, तेही ऐन गर्दीत. कारागिरांनी तुमच्यासाठी एक खण कुलूपबंद ठेवायचा ठरवलाय, पण कुठला, ते तुम्ही ऑनलाइन बुक करेपर्यंत सांगणार नाहीत म्हणे.

आपला कृतज्ञ,
एक सलूनवाला