तो आवाज क्लिफ मॉर्गन यांचा

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या क्रीडा पानावर रग्बीपटू गॅरेथ एडवर्ड्सच्या ‘ट्राय’वरचा (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवून गुण मिळवणं म्हणजे ट्राय) लेख वाचला. 27 जानेवारी 1973, कार्डिफ आर्म्स पार्क, बार्बेरियन्स (निमंत्रित खेळाडूंचा संघ) विरुद्ध न्यूझीलंड. बार्बेरियन्सच्या फिल बेनेटने आपल्याच गोलखांबांजवळ दिलेल्या हुलकावण्या, हातोहात पुढे सरकलेला चेंडू, डाव्या कोपऱ्यातली एडवर्ड्सची झेप, सगळं लेखात आहे. पण ज्या आवाजासकट हा क्षण रग्बीवाल्यांना तोंडपाठ आहे, त्या माणसाचं नाव कुठेच नाही. ते क्लिफ मॉर्गन.

समालोचन खरं तर बीबीसीचे रग्बी समालोचक बिल मॅक्लारेन करणार होते. ते आजारी पडले म्हणून मॉर्गन माइकसमोर बसले. आदल्याच वर्षी, 1972 मध्ये, मॉर्गन यांना पक्षाघात झाला होता. अंगाची एक बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं. माझ्या वडिलांना असाच झटका आला तेव्हा नुसतं ‘पाणी’ म्हणायला त्यांना पाच महिने लागले. आई रोज आरशासमोर बसवून त्यांच्याकडून अक्षरं म्हणवून घ्यायची. त्यामुळे त्या ट्रायच्या वेळचं मॉर्गन यांचं ते ‘ब्रिलियंट! ओह, दॅट्स ब्रिलियंट!’ ऐकताना मला बेनेट दिसतच नाही. बरा होऊन वर्षभरातच हजारोंच्या गजरावर आवाज चढवणारा माणूस दिसतो.

मॉर्गन स्वतः थोर खेळाडू होते. 1930 मध्ये वेल्सच्या ऱ्होंडा खोऱ्यात, ट्रेबॅनॉगला, खाणकामगाराच्या घरी जन्म. फ्लाय-हाफ (संघाच्या चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू) म्हणून वेल्सकडून 29 सामने. 1953 मध्ये न्यूझीलंडला हरवणाऱ्या वेल्स संघात ते होते. 1955 मध्ये ब्रिटिश लायन्सनी (ब्रिटन आणि आयर्लंडचा निवडक संघ) जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर दक्षिण आफ्रिकेला 23-22 असं नमवलं, त्यात मॉर्गन यांचाही ट्राय होता. मुंबईत नोकरीला असताना बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावरची पावसाळी रग्बी मी कुंपणाबाहेरून पाहायचो. चिखलात पाय रुतत असताना दिशा बदलून निसटणं किती अवघड, ते तिथे कळलं.

1958 मध्ये खेळ थांबवून ते बीबीसीत गेले. तिथल्या ‘ग्रँडस्टँड’ या क्रीडा कार्यक्रमाचे संपादक झाले, मध्ये काही काळ आयटीव्ही वाहिनीच्या ‘धिस वीक’ या चालू घडामोडींच्या कार्यक्रमाची निर्मिती केली. आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: पक्षाघातानंतर ते बीबीसी टेलिव्हिजनच्या बाह्य प्रक्षेपण विभागाचे प्रमुख झाले. स्टुडिओबाहेरून होणारी थेट प्रक्षेपणं ही त्या विभागाची जबाबदारी. 1981 मध्ये चार्ल्स आणि डायना यांचा विवाहसोहळा जगभर दिसला, तेव्हा बीबीसीत त्या कामाची धुरा मॉर्गन यांच्याकडे होती. 1987 मध्ये ते पद सोडलं आणि पुन्हा माइककडे वळले, बीबीसीच्या रेडिओ 4 वर ‘स्पोर्ट ऑन 4’ सादर करू लागले. एवढ्या मोठ्या खुर्चीवरून उठून परत साध्या गप्पांच्या कार्यक्रमाला बसावंसं वाटणं मला फार आवडतं.

उतारवयात घशाच्या कर्करोगाने तो आवाज कायमचा नेला. 29 ऑगस्ट 2013 रोजी, 83 व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

आपल्या क्रीडा पानावर त्यांच्यावर स्वतंत्र लेख यावा, ही मनापासून विनंती. तो येईल तेव्हा मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवीन. आता ते मध्येच थांबवून प्रश्नही विचारतात.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली