न्यूरोसर्जन होण्याच्या दोन वाटा

महोदय,

बारावीच्या निकालानंतर न्यूरोसर्जन, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, होण्याची इच्छा सांगणाऱ्या गुणवंतांच्या मुलाखती वृत्तपत्रांत छापून येतात; त्या इच्छेपुढची वाट मात्र क्वचितच कोणी उलगडून सांगते. साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, तीन वर्षांचे जनरल सर्जरीतील एमएस आणि त्यानंतर पुन्हा प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांचे न्यूरोसर्जरीतील एम.सीएच. (एमएसच्या पुढची पदवी), हा रूढ मार्ग आहे. एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रमही बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थांत आहे. त्यात वर्षे वाचत नाहीत; परंतु मधली परीक्षा व तिच्या तयारीचा काळ टळतो आणि विद्यार्थी पहिल्या दिवसापासून मेंदू व मज्जारज्जूच्या रुग्णांतच वावरतो. तरीही अपघातातील अनेक जखमींना डोक्याबरोबर छाती-पोटालाही मार असतो, त्यामुळे आधी जनरल सर्जरीत हात घडलेला डॉक्टर मला अधिक भरवशाचा वाटतो.

वेल्लोरला १९४९ मध्ये देशातील पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू करणाऱ्या डॉ. जेकब चँडी यांना ही शाखा शिकण्यासाठी कॅनडातील मॉन्ट्रियल गाठावे लागले होते. मद्रासच्या डॉ. टी. एस. कनका यांनी १९६८ मध्ये मात्र भारतातच एम.सीएच. पूर्ण केले आणि भारतातील पहिल्या महिला न्यूरोसर्जन ठरल्या. (या शाखेत मुली आजही मोजक्याच दिसतात.) पुढच्या निकालाच्या वेळी आपण गुणवंतांबरोबरच हे शिक्षण घेत असलेल्या निवासी डॉक्टरांच्याही मुलाखती छापाव्यात, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक