लॉन लाल मातीतलं, जमीन काळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला लॉनवरचा लेख वाचला. फोटो छान होते. मजकुराबद्दल तेवढं चांगलं बोलता येत नाही. 'माती कोणतीही असो, वर चार इंच लाल माती पसरा, लॉनचे पट्टे अंथरा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारा' हा सल्ला आपण चौकट करून जाड ठशात छापलात, म्हणून लिहायला बसलो. एरवी मी सोडून दिलं असतं. पण चौकटीतला मजकूर आमच्याकडे लोक कापून ठेवतात आणि पुढच्या मीटिंगला खिशातून काढून दाखवतात.

माती कोणतीही कशी असो? लेखिकाबाईंच्या बंगल्याखाली मुरूम असेल, चांगला निचरा होत असेल, त्यांचं लॉन सुखात असो. परभणीत घराखाली काळी आहे. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत हात जातो. आमच्या भागातल्या निम्म्या कंपाउंड वॉलना तिरप्या चिरा आहेत त्या काही गवंड्यांच्या चुकीने पडलेल्या नाहीत. अशा मातीवर आपण गवताची सतरंजी अंथरायला सांगता आणि खाली काय आहे ते विचारतही नाही.

आमच्या वसाहतीच्या ओपन स्पेसमध्ये नेमका हाच प्रयोग होऊन गेला आहे. वर्गणी सगळ्यांनी दिली, मीही दिली. ठेकेदार चुणचुणीत होता, मोबाइलवर पुण्याकडच्या लॉनचे फोटो दाखवत होता. मीटिंगमध्ये मी एवढंच विचारलं की खालच्या मातीचं काय करणार? तो म्हणाला, "सर, लॉन टाकल्यावर खालची माती दिसणारच नाही ना!" या उत्तरावर सभा इतकी खूश झाली की चहा लगेच आला. माझा प्रश्न चहात बुडाला.

त्या जागेत कित्येक वर्षं बांधकामाच्या गाड्या उभ्या राहायच्या. विटा, खडी, सळया सगळं तिथेच उतरायचं. चाकांखाली दबून जमीन नुसती टणक झालेली. ती खणायची सोडून त्याने वर हायवा ट्रकने लाल माती ओतली, फळीने सारखी केली आणि उतार डोळ्याने पाहिला. डोळ्याला दिसलेला उतार मधोमध निघाला, हे पहिल्याच मोठ्या पावसात कळलं. लॉनचे पट्टे आले ते ताडपत्रीखाली गच्च दाबून, रात्रभर प्रवास करून. वरचे बरे होते. ढिगाच्या मधले हाताला गरम लागत होते आणि त्यांना कुजल्याचा वास येत होता. मी ते बाजूला काढा म्हटलं तर "पाणी दिलं की येतंय सर" असं म्हणून तेच आधी अंथरले. हिशेब चौरस फुटावर होता ना!

पुढे काय झालं ते आमच्या वसाहतीत कुणालाही विचारा. श्रावणातला पाऊस लाल मातीच्या चार इंचांतून सरळ खाली गेला आणि तिथे अडला. काळी एकदा भिजली की फुगून स्वतःची छिद्रं बंद करते, वरचं पाणी तिच्यात फार हळू उतरतं. म्हणजे वर गवत, मध्ये चिखल, खाली बंद दार. पाय टाकला की पचपच आवाज. मुळं वरच कुजली. समितीत दोन पक्ष पडले, एक म्हणे पाणी कमी पडतंय, दुसरा म्हणे जास्त होतंय. दोघंही आपापल्या वेळेला नळी धरून हजर! दिवाळीनंतर जे उरलं ते पिवळं पडलं. ठेकेदाराने फोनवर युरिया टाकायला सांगितलं. टाकला. पिवळं ते पिवळंच.

ज्यांच्या घरी ऊस किंवा भुईमूग असतो त्यांना हा पिवळेपणा ओळखीचा आहे, आपण त्याला केवडा म्हणतो. आपल्या मातीत चुनखडी भरपूर, सामू (पीएच) आठच्या आसपास, त्यात बोअरचं क्षारी पाणी. लोह जमिनीत असतं, पण पिकाला घेता येत नाही. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं दिसलं तर युरिया कितीही ओता, उपयोग नाही. दहा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून फवारायची असते, उन्हं उतरल्यावर. हे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात काउंटरवरचा पोरगाही सांगतो. लेखात केवड्याचा उल्लेख नाही. 'नियमित खत द्यावे' एवढं आहे. कोणतं ते बहुधा पुढच्या रविवारी!

उन्हाळ्यात तर कळस झाला. लाल मातीचा थर पातळ, तो दोन दिवसांत वाळायचा. मुळं खाली उतरलेली नाहीत, कारण खाली टणक काळी. मग खालची काळी भेगाळली आणि पट्ट्यांचे सांधे तिच्याबरोबर उघडले. एका आजींचा पाय त्यात मुरगळला तेव्हा समितीने बोर्ड लावला, 'लॉनवर चालू नये'. बोर्ड अजून आहे. त्याच्याखाली आता सगळा लव्हाळा, म्हणजे कंदाने पसरणारं तण आहे, तोही त्या पट्ट्यांबरोबर फुकट आलेला.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर उमेदीची वर्षं गेली, म्हणून ही माती थोडी ओळखतो. काळ्या मातीतून कालवा जातो तिथे तिच्यावर थेट काँक्रीट टाकत नाहीत. मध्ये न फुगणाऱ्या मुरमाचा थर चांगला दाबून घेतात, नाहीतर काळी फुगून अस्तर उचलून टाकते. जिथे काँक्रीटची ही गत, तिथे चार इंच भुसभुशीत लाल मातीने काय होणार? बरं, गवताला मुरमाचा दाबलेला थरही चालत नाही, कारण त्याला मुळं सोडायची असतात. म्हणून लॉनचं काम कालव्याच्या उलट आहे. तिथे दोन थर वेगळे ठेवायचे, इथे ते एकमेकांत मिसळायचे.

म्हणजे खर्च करायचाच तर तो खाली करा. जमीन वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी, असताना वीतभर खणा. ओली असताना कुदळ लावलीत तर ढेकळं होतील आणि ती वाळून दगड होतील, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, ठेकेदाराला आहे. खणलेल्या काळीत चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर मिसळा. लाल माती आणलीच असेल तर तीही यातच कालवा, वर पसरू नका. लेखात 'थोडी वाळू' सुचवली आहे. काळीत थोडी वाळू घालून माती मोकळी होत नाही, वाळू चिकणमातीत नुसती रुतून बसते. जिप्समचंही तसंच, माती परीक्षणात सोडियम जास्त निघालं तरच ते घालायचं. माती तपासायला मराठवाड्यात कुणाला लांब जायला नको, परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. आमच्या समितीने त्याच्या दारावरून जाऊन पुण्याकडचं लॉन आणलं, तो भाग वेगळा.

उतार मात्र डोळ्याने नको. लेव्हल बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. शंभर फुटाला निदान फूट-दीड फूट उतार बाहेरच्या बाजूला द्या आणि कडेने चर काढा. घ्यायच्या आधी पट्ट्याचा एक कोपरा उलटून पाहा. मुळं पांढरी आणि घट्ट विणलेली हवीत, माती पातळ हवी. तपकिरी-काळसर गाठी दिसल्या तर तो लव्हाळ्याचा कंद समजा आणि गाडी परत पाठवा. पट्टे कधी कापले ते विचारा. कापल्यापासून दिवसाभरात ते जमिनीला लागले पाहिजेत, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. सांधे विटांच्या बांधकामासारखे सोडून-सोडून घ्या, मग हलका रोलर फिरवा. पाणी घातल्यावर कोपरा उचलून खालची माती भिजली की नाही ते बघा, वरची पात ओली दिसून भागत नाही. हे सगळं लेखातल्या चौकटीत मावलं असतं. फोटो एक कमी छापला असता तर.

शिवाय एवढा खर्च कशासाठी, हाही प्रश्न आहेच. लॉन म्हणून जे गवत चौरस फुटाच्या भावाने विकतात त्यातलं बरंचसं हरळीच्या जातीचं असतं. माझ्या आईने नांगरटीमागे फिरून आयुष्यभर हरळीच्या काशा, म्हणजे जमिनीतली खोडं, वेचल्या, बांधावर टाकल्या, वाळवून जाळल्या, तरी दर वर्षी ती परत यायची. वैशाखात पार वाळलेली आणि मृगाच्या पहिल्या पावसाला हिरवी. काळीत जिची जिरवता येत नाही तिलाच आम्ही दुसऱ्या जिल्ह्यातून ट्रकने आणतो आणि मारून दाखवतो, हे कौतुकच म्हणायचं. गावाकडून दोन पोती काशा आणा, पाऊस लागायच्या सुमाराला वीत-वीत अंतरावर टोका, दोन वेळा कापा, तण काढा. एका हंगामात जमीन झाकते. फोटोत पुण्यासारखी दिसणार नाही हे कबूल.

आणि पाणी. 'सकाळ-संध्याकाळ' लिहिताना लेखिकाबाईंनी हिशेब केला होता का? एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावर रोज नुसतं पाच मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे पाचशे लिटर, महिन्याला पंधरा हजार. आमच्याकडचा मे महिना एवढ्यावर भागत नाही. इथे नळाला पाणी येतं तो दिवस कॅलेंडरवर खूण करण्यासारखा असतो. पैठणच्या ज्ञानेश्वर उद्यानाची गोष्ट वेगळी, त्याच्या उशाशी जायकवाडी आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, त्याच महिन्यात मैदानांच्या पाण्यावरून हायकोर्टाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले. तेव्हा आपल्याच पहिल्या पानावर त्याच्या बातम्या होत्या. पुरवणीवाले पहिलं पान वाचत नसावेत.

पुरवणीचाच विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या जिल्ह्याचं पान आता अर्धं झालं आहे आणि त्या अर्ध्यातही निम्मी जाहिरात. परवा तिथे एका लॉन्सच्या मंगल कार्यालयाची जाहिरात होती, लेखाच्या बरोबर आदल्या दिवशी. योगायोग असेल. पण परभणीच्या सोयाबीनचा भाव शोधायला मला संभाजीनगरच्या नाट्यगृहाच्या बातमीवरून पान उलटावं लागतं, हा योगायोग नाही.

माझं मागचं पत्र आपण छापलंत, आभारी आहे. मात्र त्यात परभणीचं परळी झालं होतं आणि शेवटचे दोन परिच्छेद गळाले होते. परळीहून दोन फोन आले, आमच्याकडे असला प्रश्नच नाही म्हणून. या वेळी कापायचं झालं तर आयपीएलचं कापा, हिराकशीचं प्रमाण तेवढं ठेवा. पन्नास ग्रॅम, दहा लिटरला. पाचशे छापू नका, गवत जळेल.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
परभणी