शैलचित्रांवर पाणी पडण्याआधी

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात इतिहास शिकवते. गेल्या हिवाळ्यात नववीच्या मुलांना घेऊन मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाला, तिथली प्राचीन शैलचित्रे पाहायला गेले होते. प्राण्यांच्या चित्रांनी भरलेल्या शैलाश्रयापुढे, म्हणजे खडकाच्या उघड्या कपारीपुढे, एका गृहस्थांनी कठड्यावरून वाकून बाटलीतले पाणी गेरूच्या हरणावर शिंपडले. रंग क्षणभर उजळला, फोटो निघाला, ओघळ हरणाच्या पायांपर्यंत आला. काळजात चर्र झाले. असे पाणी वाळताना दगडातले क्षार वर आणते आणि चित्रावर पांढुरके पटल चढू लागते. ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

फ्रान्समधली लास्को गुहा १९४० मध्ये सापडली. माणसांच्या श्वासातल्या ओलाव्याने आणि कार्बन डायऑक्साइडने भिंतींवर शेवाळ धरले, म्हणून १९६३ मध्ये ती लोकांसाठी बंद करावी लागली. १९८३ पासून लोक तिची हुबेहूब प्रतिकृती पाहतात. १९९४ मध्ये सापडलेली शोव्हे गुहा तर फ्रान्सने लोकांसाठी उघडलीच नाही. भीमबेटका बंदिस्त गुहा नाही, ऊन-वारा खाणारा वालुकाश्म आहे. पण ओला हात तिथेही तितकाच घातक.

पुण्याचे या चित्रांशी जुने नाते आहे. पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकरांनी १९५७ मध्ये भीमबेटका उजेडात आणले आणि १९७०च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्रांनी तिथे उत्खनन केले. मग एका शैलाश्रयाची पूर्ण आकाराची प्रतिकृती पुण्यात का असू नये? शाळकरी मुलांनी तिला खुशाल हात लावावा, खाली पडून वर पाहावे.

याहून तातडीची गोष्ट कोकणातली. जांभ्याच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर कोरलेली कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीचा कोरीव हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. फोटोत रेषा उठून दिसाव्यात म्हणून सड्यावर खडूने रेषा भरणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत. पर्यटनाचे फलक आणि रस्ते लवकर होतात, महोदय. त्याआधी प्रत्येक सड्याची मोजणी होऊन हद्द आखली जावी आणि गावातल्याच माणसांना पगारी राखणदार नेमावे. कुठली रेष जुनी, कुठली नवी, हे त्यांना आपल्या सड्याच्या ओळखीमुळे ठाऊक असते.

पावसाळा सरला की मुलांना कशेळीला न्यायचे आहे. तेव्हा तिथे असा राखणदार भेटावा, एवढी विनंती.

आपली,
पुण्यातील एक शिक्षिका