महासचिव महोदय, ती बोट खरोखर पडू द्या

मा. महासचिव,
आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, लंडन

महोदय,

मी ३१ वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्यातली बरीच चीफ ऑफिसर म्हणून. फ्री-फॉल लाइफबोटीच्या, म्हणजे रॅम्पवरून सरळ समुद्रात पडणाऱ्या जीवरक्षक बोटीच्या, किती ड्रिल घेतल्या त्याचा हिशेब नाही. पण आत माणसं बसलेली असताना ती बोट खरोखर सोडलेली मी एवढ्या वर्षांत तीनदा पाहिली. त्यातल्या एका वेळी मी आत होतो. हे पत्र त्या तीन या आकड्याबद्दल आहे.

बोटीविरुद्ध माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर किलंड’ हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला, तेव्हा त्यावरच्या २१२ माणसांपैकी १२३ गेली. बोटी होत्या, पण तारांवर लटकवून खाली सोडायच्या. भार असताना हुक सुटेनात आणि काही बोटी प्लॅटफॉर्मवरच आपटून फुटल्या. फ्री-फॉल बोटीला खाली उतरवणाऱ्या ताराच नाहीत. हुक उघडला की ती रॅम्पवरून घसरते, पाण्यात शिरते आणि त्याच वेगात जहाजापासून लांब निघून जाते. जहाज एका बाजूला २० अंश कललं किंवा पुढे-मागे १० अंश झुकलं तरी ती सुटली पाहिजे, असं तुमचाच नियम सांगतो. १ जुलै २००६ पासून बांधलेल्या बल्क कॅरियरवर, म्हणजे कोळसा, धान्य असा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, स्टर्नला (मागच्या टोकाला) हीच बोट हवी, हा नियमही शहाणपणाचा आहे. असं जहाज बुडायला लागलं तर फार वेळ देत नाही.

मी आत होतो तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. सगळ्यांची पाठ समुद्राकडे, तोंडं वर जहाजाकडे. चष्मे काढलेले, खिशातली पेनं, स्पॅनर काढून ठेवलेले. खांद्यांवरून पट्टे, कपाळावर पट्टा, डोकं मागे टेकलेलं. कॉक्सवेनने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, हुक उघडणारा हातपंप मारायला सुरुवात केली आणि मी मनात मोजत होतो. सात, आठ, नऊ. खट्ट असा आवाज आला आणि एकदम सगळं हलकं झालं. वीस मीटरवरून पडायला दोनच सेकंद लागतात, पण पाण्याला टेकताना वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असतो. खिडक्या हिरव्या झाल्या, मग काळ्या, मग परत उजेड. पाठीला एक जोरदार रेटा बसला, बस. आम्ही वर आलो तेव्हा जहाज मागे पडलेलं होतं. शेजारचा फिटर, वय पन्नाशीचं, एवढंच म्हणाला, “एवढंच होतं होय?” चार वर्षं त्या बोटीकडे बघून तो देवाचं नाव घेत असे.

आता नियमाकडे येतो. तीन महिन्यांतून एकदा बोट पाण्यात उतरवून चालवायची. मग ती सोडा, नाहीतर क्रेनने खाली ठेवा. सहा महिन्यांतून एकदा फ्री-फॉलने सोडायची, किंवा तसं सोडल्याचा सराव करायचा. या ‘किंवा’मध्येच सगळं अडलंय. सरावात बोटीला तारांनी जखडतात, आत बसून हुक उघडतात, बोट जराशी सरकते आणि तारांवर थांबते. लॉगबुकात नोंद होते, जहाज तपासायला आलेला सर्व्हेअर सही बघून पुढे जातो. नियम मोडला असं कुणी म्हणू शकत नाही, आणि बोट मात्र वर्षानुवर्षं जागची हलत नाही.

यात कॅप्टनला दोष देऊ नका. खुल्या समुद्रात जहाज चालू असताना बोट सोडता येत नाही. अँकरेजवर, म्हणजे नांगर टाकून थांबायच्या जागी, सोडायची तर बंदराची परवानगी लागते. एका बंदरात मी तीन दिवस परवानगी मागत होतो. आधी उत्तरच नाही, मग ‘जागा नाही’, मग ‘पुढच्या वेळी बघू’. परवानगी मिळाली तरी खरा धोका पडण्यात नसतो, बोट परत उचलण्यात असतो. थोडं जरी उधाण असलं तरी बोट स्टर्नखाली दोन-दोन मीटर वरखाली होते. तिच्या गुळगुळीत पाठीवर दोन माणसं गुडघ्यांवर बसलेली, वरून लोंबणारा क्रेनचा जड ब्लॉक त्यांच्या डोक्याच्या उंचीवर झुलतोय, आणि तो पकडून स्लिंग, म्हणजे बोट उचलायचे दोर, अडकवायच्या. एकदा आमच्या बोसनचा, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचा, हात ब्लॉक आणि स्लिंगच्या मध्ये आला. दोन बोटं गेली. त्यानंतर त्या जहाजावर बोट सोडायचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही.

जखडलेला सरावही बिनधोक नाही. २०१४ साली हिंदी महासागरात ‘अ‍ॅक्वारोझा’ या बल्क कॅरियरवर एक इंजिनियर बोटीत बसून हातपंप मारत असताना हुक उघडला. बोट धरून ठेवण्यासाठी ज्या तारा लावलेल्या होत्या त्याच तुटल्या, आणि बोट त्याच्यासकट समुद्रात गेली. तो गंभीर जखमी झाला. ज्या तारांच्या भरवशावर आपण ‘किंवा’ लिहिलं, त्यांना अचानक बसणारा झटका सोसतो का, हे हुकाइतक्याच कसोशीने तपासलं गेलं पाहिजे.

खलाशी या बोटीला घाबरतात, आणि ती भीती खुळी नाही. २००५ साली नॉर्वेच्या ‘वेस्लेफ्रिक’ प्लॅटफॉर्मवर चाचणीत बोट सोडली तेव्हा तिच्या छताला इजा झाली. नॉर्वेने ते झाकलं नाही. इतर प्लॅटफॉर्मवरच्या बोटी पुन्हा तपासल्या, आणि २००९ मध्ये अशा बोटींच्या रचनेसाठी नवं मानक आलं. पण बोट सोडली म्हणून तो दोष कळला. रॅम्पवर बांधून ठेवली असती तर कधी कळला असता?

म्हणून सागरी सुरक्षा समितीपुढे आपण हा विषय ठेवावा. सहामाही सराव जखडून झाला तरी चालेल, पण ठराविक काळात एकदा तरी प्रत्येक जहाजावरची बोट खरोखर पडलीच पाहिजे, आणि त्यासाठी जागा व शांत पाणी देणं हे बंदरांचं बंधन असावं, मेहेरबानी नव्हे. बोट उचलायची सोय अशी असावी की तिच्या पाठीवर माणूस चढवावाच लागू नये. जहाजावरच्या सरावात फक्त बोट चालवणारेच आत असावेत हा नियम योग्य आहे, तो राहू द्या. बाकीच्यांना, म्हणजे कुक, मेसमन, ऑइलर आणि कॅडेट यांना, किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण केंद्रात एकदा तरी ती दोन सेकंदं अनुभवायला मिळावीत आणि तशी नोंद त्यांच्या कागदपत्रांत असावी. मालवाहू जहाजांच्या बोटीत माणसाचं वजन ७५ किलोऐवजी ८२.५ किलो धरायचं हे आपण मान्य केलंच. पण अंगाने लहान माणसाचं डोकं आणि मान त्या सीटवर नीट टेकते का, हेही त्या प्रशिक्षण केंद्रातच कळेल.

माझ्या शेवटच्या जहाजावर एक कॅडेट होता. प्रत्येक ड्रिलला तो कपाळाचा पट्टा दोनदा तपासायचा आणि विचारायचा, “सर, आज सोडणार का?” आता तो सेकंड ऑफिसर आहे. मागच्या महिन्यात फोन आला तेव्हा मी त्याला विचारलं. त्याने अजून एकही बोट पडताना पाहिलेली नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त चीफ ऑफिसर