गोधडीला वेळ द्या, चिंध्या जाळू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

उन्हाळा आला की पेपरात पापड-कुरड्यांवर पान भरून येते, चांगलंच आहे, पण गोधडीवर कोणी दोन ओळी लिहीत नाही म्हणून हे पत्र. आमच्या दर्यापूर भागात कापूस, तूर, हरभरा सगळं होळीपर्यंत आटोपते आणि मग मृग लागेपर्यंत, म्हणजे ७-८ जूनपर्यंत, बाईच्या हाताला जे थोडे मोकळे दिवस मिळतात तेच गोधडीचे दिवस राहतात. पण मिळतात कुठं? सरगुंडे, शेवया, लग्नं, पाहुणे, पाणी भरणं, आणि एवढं करून दुपारी सुई हातात घेतली की घरचेच म्हणतात रिकामी बसून चिंध्या काय जोडून राहिली. रिकामी कशी हो? काठापासून धावदोरा घालत घालत मधात यायचं, ओळ वाकडी गेली की उसवायची, मान धरते, बोटं सोलतात. हे काम आहे, टाइमपास नाही.

दुपारी ऊन ४४-४५ वर जाते तेव्हा शेतात कोणीच नसते. त्यातला एक तास बाईचा गोधडीसाठी ठरवून द्या, त्या वेळात चहा मागू नका, पाहुण्याला पाणी घरातल्या दुसऱ्यानं द्यावं. आणि एकटीनं करू नये, कारण लुगडं अंथरायला, चार कोपऱ्यांवर दगड ठेवून ताणायला दुसरी बाई लागतेच, मग आज हिची उद्या तिची असं शेजारणींनी मिळून केलं तर काम लवकर सरते.

आता चिंध्यांचं. गावातले टेलर कात्रणांचे ढीगच्या ढीग दुकानामागं जाळतात, टेरिकॉट जळालं की धूर कसा डोळ्यात जाते ते सगळ्यांना माहीत आहे. ज्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणायचे, ते १८७६ साली याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावला जन्मले, अंगावर चिंध्या जोडलेलंच वापरलं त्यांनी, आणि आपण चिंध्या जाळतो! वाईट वाटते मला. बायांनो, टेलरला एक पोतं देऊन ठेवा, भरलं की घेऊन या आणि सुती वेगळं काढा. ओळखू येत नसलं तर एक धागा पेटवून पाहा, सुती धाग्याची राख होते आणि जळलेल्या कागदासारखा वास येते, सिंथेटिक वितळून त्याची कडक गोळी होते. नवीन सुती कात्रण आधी धुऊन वाळवा, नाहीतर गोधडी पहिल्या धुण्यात आकसते. बोटभर तुकडेही फेकू नका, दोन लुगड्यांच्या मधात पसरवायला तेच कामी येतात. लेकराच्या दुपट्याला मात्र फक्त जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती घ्या, सिंथेटिक घाम पीत नाही, लेकरू रात्रभर किरकिर करते.

माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि उमेद या बचत गटांसाठी काम करणाऱ्या सरकारी संस्थांच्या लोकांना विनंती आहे की बचत गटाच्या उन्हाळी ट्रेनिंगमधे पापड-लोणच्यासोबत गोधडीही ठेवा आणि शिकवायला बाहेरून मॅडम आणू नका, गावातल्या म्हाताऱ्या बायांनाच मानधन देऊन बसवा, त्यांच्याइतका सरळ टाका कोणाचाच येत नाही. आणि संपादक साहेब, तुम्ही एप्रिलमधे वाचक बायांकडून गोधडीचे फोटो मागवा ना, छापून आले तर घरचेही त्या एका तासाला नाही म्हणणार नाहीत.

आपली,
एक शेतकरी वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती